नवा अवतार, जुनें ब्रीद

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टींत मी माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरीं, अंतरवाली सराटीस, चार दिवस राहण्यास गेलों होतों. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतलें हें खेडें पूर्वीं तालुक्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें. २०२३ सालीं मराठा आरक्षणासाठीं तेथें झालेल्या उपोषणामुळें तें साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं झालें. मला सांगावयाची आहे ती गोष्ट मात्र अगदींच निराळी, आणि कित्येकांना क्षुल्लक वाटेल अशी आहे. सप्टेंबरांतल्या अतिवृष्टीनें मराठवाड्यांतलीं पिकें बुडालीं होतीं. त्यामुळें संध्याकाळीं ओसरीवर जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींत कापसाचें आणि नुकसानभरपाईचें बोलणें चाललें होतें. त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला माझा भाचा व त्याचे दोन मित्र हमरीतुमरीवर आले होते. आणि त्यांच्या भांडणाचा विषय होता सुपरमॅन!

जेम्स गन यांनीं दिग्दर्शित केलेला ‘सुपरमॅन’ हा नवा अमेरिकन चित्रपट जुलै २०२५ मध्यें आपल्याकडे लागला. या मुलांनीं तो शहरांत जाऊन हिंदींत पाहिला होता. माझ्या भाच्याला तो मनापासून आवडला होता. त्याच्या एका मित्राच्या मतें हा सुपरमॅन फारच मार खाणारा निघाला. जो आरंभींच घायाळ होऊन बर्फांत कोसळतो आणि शीळ घालून आपल्या कुत्र्याला मदतीस बोलावतो, तो अतिमानव कसला? तिसऱ्याचा आक्षेप याहून खोल होता. जुन्या कथेंत सुपरमॅनचे आईबाप आपला ग्रह नष्ट होत असतां तान्ह्या मुलाला पृथ्वीकडे पाठवितात, आणि पृथ्वीवासीयांचें कल्याण करावें हा त्यांचा निरोप त्याला जन्मभर पुरतो. नव्या चित्रपटांत या निरोपाचा हरवलेला उत्तरार्ध सांपडतो, व त्यांत या दुबळ्या लोकांवर तूं राज्य कर, अशी आज्ञा निघते. “बापाचा निरोपच बदलून टाकला, मामा,” तो मुलगा मला म्हणाला, “मग राहिलं काय?”

मीं हंसून विषय टाळला. तीस वर्षें महाविद्यालयांत शेक्सपिअर शिकविणाऱ्या माणसाला पोरांच्या चित्रकथेंतला वीर न्यायनिवाड्यास घेण्याच्या योग्यतेचा वाटला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पण रात्रीं अंथरुणावर पडल्यावर त्या मुलाचा प्रश्न कांहीं केल्या पाठ सोडीना. तोच वीर पुन्हां नव्यानें रंगवूं लागलें म्हणजे त्यांत बदलावें काय आणि राखावें काय, हा प्रश्न पोरकट खासच नव्हे. आपल्या कीर्तनकारांना, नाटककारांना आणि चित्रपटकारांना तो पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेला आहे. आणि त्याचें उत्तर प्रत्येक वेळीं पंडितांनीं नव्हे, प्रेक्षकांनीं दिलेलें आहे. त्या उत्तरांचा इतिहास थोडा तपासून पाहावा, इतकाच या लेखाचा हेतु.

आरंभ त्या परदेशी वीरापासूनच करूं. अमेरिकेंतल्या क्लीव्हलंड शहरीं राहणाऱ्या जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं सुपरमॅन निर्माण केला, आणि १९३८ सालीं तो प्रथम छापून आला. त्याचे हक्क त्यांनीं अवघ्या १३० डॉलरांस विकून टाकले होते. तो काळ मंदीचा व बेकारीचा होता, आणि तो पहिला सुपरमॅन त्या काळाला शोभेसा रांगडा होता. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यास तो उचलून भिंतीवर आपटी. राजकारणांतल्या लबाडांस तारांवरून धांवत नेऊन त्यांची भीतीनें गाळण उडवी. विशेष म्हणजे त्याला उडतां येत नसे. तो नुसती लांब उडी मारी. आकाशांतून उडणें ही त्याची आज सर्वांना ठाऊक असलेली खूण मागाहून आली. शत्रूलाही ठार मारावयाचें नाहीं हें त्याचें ब्रीदही पहिल्या दिवशींच लिहून ठेवलेलें नव्हतें. संपादकांच्या धोरणानें आणि वाचकांच्या अपेक्षेनें तें हळूहळू घट्ट होत गेलें. १९७८ च्या चित्रपटांत ख्रिस्तोफर रीव्ह यांनीं जो सौम्य, किंचित् लाजाळू आणि सज्जन सुपरमॅन उभा केला, तोच पुढें कित्येकांना मूळ पुरुष वाटूं लागला. वस्तुतः तोही एक अवतारच होता. प्रेक्षक ज्याला ‘खरा’ म्हणतो तो बहुधा पहिला नसतो. त्याच्या बालपणीं त्याला जो भेटला तो असतो.

यामुळें १९७८ च्या सुपरमॅनवर वाढलेल्या पिढीला २०१३ सालचा ‘मॅन ऑफ स्टील’ पाहून धक्का बसला. त्यांत नायकाच्या पोषाखावरची प्रसिद्ध तांबडी चड्डी नाहींशी झाली होती. पण वादाचें मुख्य कारण तें नव्हतें. शेवटीं निरपराध कुटुंबाचा जीव वांचविण्यासाठीं सुपरमॅन आपल्या शत्रूची मान मोडतो, या प्रसंगावर जगभर वाद माजला, आणि बारा वर्षें लोटलीं तरी तो शमलेला नाहीं. एक पक्ष म्हणे, त्याच्यापुढें दुसरा मार्गच नव्हता. दुसरा म्हणे, दुसरा मार्ग नाहीं अशा ठिकाणींही जो मार्ग काढतो त्यालाच आम्ही सुपरमॅन म्हणत होतों. २०२५ च्या चित्रपटांत तांबडी चड्डी परत आली, आणि तिजबरोबर, धुमश्चक्री चालली असतां वाटेंतली एक खारही चिरडली जाऊं नये म्हणून धडपडणारा नायकही परत आला. चड्डीविषयींचें हंसणें चार दिवसांत विरून गेलें. वाद उरला तो पुन्हां ब्रीदाचाच, म्हणजे बापाच्या निरोपाचा.

आपल्या वाचकांना हा भेद नवा वाटूं नये. महाभारतांत द्रोणवधाच्या प्रसंगीं धर्मराजाच्या तोंडून अश्वत्थाम्याविषयींचें अर्धसत्य वदवून व्यासांनीं हाच प्रयोग केला आहे. युद्ध जिंकण्यास तें अर्धसत्य हवें होतें, आणि तें बोलविण्यास प्रत्यक्ष श्रीकृष्ण पुढें झाला होता. तरीही त्या क्षणापर्यंत जमिनीपासून चार अंगुळें वर चालणारा धर्मराजाचा रथ भूमीला टेकला. कवीनें नायकाला मोडूं दिलें, पण त्या मोडण्याची किंमत मोजावयास लावली. म्हणूनच आपल्या कीर्तनांत ऐकणारा श्रोता धर्मराजाला टाकून देत नाहीं, त्याच्यासाठीं हळहळतो. ‘मॅन ऑफ स्टील’चा नायक शत्रूला मारल्यावर आक्रोश करतो. तेवढ्यानें रथ खालीं आला कीं नाहीं, या एकाच प्रश्नावर त्या चित्रपटाच्या प्रेक्षकांचे दोन तट पडले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां आपल्या घरच्या चित्रपटांकडे वळूं. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत लोकांपुढें आला. चित्रपटांत काम करावयास एकही स्त्री तयार होईना. तेव्हां उपाहारगृहांत नोकरी करणारे साळुंके यांस तारामतीची भूमिका देण्यांत आली. हरिश्चंद्र होते दाबके, आणि रोहिदास खुद्द फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. चित्र मुकें होतें. या कथेला वाणी मिळाली ती १९३२ सालीं, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांत किती अंतर पडलें पाहा! पुरुषाच्या जागीं प्रतिष्ठित घरांतली, शिकलेली स्त्री आली. मौनाच्या जागीं संवाद व गाणीं आलीं. चांगल्या घरच्या स्त्रीनें पडद्यावर यावें कीं काय, याविषयीं त्या काळीं केवढा गहजब होता हें दुर्गाबाईंनीं स्वतःच्या आयुष्यांत सोसलेलें आहे. तरी ही तारामती प्रेक्षकांनीं मान्य केली, इतकेंच नव्हे तर तिच्यापुढें साळुंके यांची तारामती केवळ आठवणीपुरती उरली.

याचें कारण शोधूं गेल्यास सोपें आहे. चेहरा, आवाज, वस्त्रें, सारें बदललें; पण राजा स्वप्नांत दिलेलें वचन जागेपणींही पाळीत होता, आणि स्मशानांत स्वतःच्या पत्नीकडेही कर मागत होता. समजा, एखाद्या कल्पक लेखकानें रोहिदासाला वांचविण्यासाठीं हरिश्चंद्राच्या तोंडीं एक लहानशी असत्याची गोष्ट घातली असती, तर टेंबे यांचें गाणें आणि प्रभातचीं भव्य दृश्यें त्याला तारूं शकलीं असतीं काय? मला वाटतें, पहिल्याच रात्रीं प्रेक्षक उठून गेले असते.

याच्या उलट बाजूचें उदाहरणही प्रभातच्याच घरचें आहे. बाबूराव पेंटर यांची ‘सैरंध्री’ १९२० सालीं निघाली. कीचकवधाची ही कथा खाडिलकरांच्या नाटकामुळें मराठी मनांत आधींच पेटलेली होती. त्या नाटकावर इंग्रज सरकारनें बंदी घातल्याला तेव्हां दहा वर्षें झालीं होतीं. मूकपटांतलें कीचकवधाचें दृश्य इतकें जिवंत उतरलें कीं त्याला कात्री लागली. पुढें १९३३ सालीं प्रभातनें तीच कथा बोलपटांत, आणि तीही रंगीत, करण्याचें साहस केलें. रंगीत प्रतींचें काम जर्मनींत करवून आणण्यांत आलें. एवढा खटाटोप होऊनही चित्रपट पडला. नव्या अवताराला रंग दिला म्हणजे प्राण दिला असें होत नाहीं, हा धडा त्या अपयशांत आहे. अमेरिकेंतले चित्रपटकार कोट्यवधि डॉलर ओतून आज तोच धडा पुन्हां पुन्हां गिरवीत आहेत.

परंतु नव्या अवताराला सर्वांत मोठी अडचण असते ती जुन्या यशाची. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालीं निघाला. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा १९३७ सालीं व्हेनिस येथें गौरव झाला. पण त्याहून मोठा गौरव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत झाला. विष्णुपंत पागनीस हे पूर्वाश्रमीचे स्त्रीभूमिका करणारे नट. ते या चित्रपटानंतर लोकांच्या दृष्टीनें नट राहिलेच नाहींत. तुकोबांचें चित्र म्हणून पागनिसांचीच छबी अनेकांच्या मनांत कायमची जाऊन बसली. माझ्या बहिणीचे सासरे, ज्यांना घरांत सर्व आबा म्हणतात, लहानपणीं जत्रेंतल्या तंबूंत हा चित्रपट पाहिलेले. २०१२ सालीं चंद्रकांत कुलकर्णी यांनीं जितेंद्र जोशी यांस घेऊन ‘तुकाराम’ काढला, तो घरच्या दूरदर्शनसंचावर लागला असतां आबा पांच मिनिटें पाहून उठले. “माणूस चांगला हाय, पण तुकोबा न्हाई,” एवढाच त्यांचा अभिप्राय. माझ्या भाच्याला मात्र हा दुसरा तुकाराम अधिक जवळचा वाटतो. त्यांत दुष्काळांत होरपळणारा, चुकणारा, विचार करणारा माणूस दिसतो, असें त्याचें म्हणणें. दोघेही आपापल्या तुकोबांशीं प्रामाणिक आहेत. आबांचें मत चेहऱ्याविषयींचें आहे, आणि चेहऱ्याचा वाद काळ मिटवितो; कारण ज्यांनीं पागनिसांना तंबूंत पाहिलें ती पिढी आतां थोडी उरली आहे. दोन्ही चित्रपटांत तुकोबांनीं लोकांचें कर्ज माफ करावयाच्या ऐवजीं वसूल करावयास सुरवात केली असती, तर मात्र आजोबा आणि नातू दोघेही एकदम उठले असते.

चित्रकथेच्या जगांत हें रहस्य ज्यानें उघड केलें तो वीर आमच्या पिढीच्या ओळखीचा आहे. आम्ही लहान असतांना मराठी घरांत चित्रकथेचा वीर म्हणजे सुपरमॅन नव्हे, वेताळ. ली फॉक या अमेरिकन लेखकानें तो १९३६ सालीं, म्हणजे पागनिसांचा तुकाराम आला त्याच वर्षीं, निर्माण केला. आणि १९६४ पासून निघूं लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून तो आपल्याकडे घरोघर पोंचला. त्याला येथें आणतांनाही बदल करावे लागले. मूळ कथेंतलें ‘बंगाला’ हें अरण्यराज्य आपल्या बंगालशीं जुळूं नये म्हणून ‘डेंकाली’ झालें. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. आम्हां वाचकांचें त्यानें कांहींच बिघडलें नाहीं. कारण या कथेचें मर्मच असें कीं वेताळ हा एक माणूस नव्हे. १५३६ सालीं बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून एकानें अन्यायाशीं लढण्याची शपथ घेतली. तेव्हांपासून बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवितो, आणि अरण्यांतले लोक त्याला अमर समजतात. आम्ही वाचीत असूं तो एकविसावा. माणूस मरतो, मुखवटा दुसऱ्याच्या तोंडावर जातो, शपथ तेवढी तीच राहते. नव्या अवताराचा सारा सिद्धान्त इतक्या सोप्या रूपानें दुसऱ्या कोणीं सांगितल्याचें मला आठवत नाहीं.

येथें एक मर्यादा सांगून ठेवणें अवश्य आहे. कल्पनेंतल्या वीराविषयीं जें म्हटलें तें इतिहासांतल्या पुरुषाला जसेंच्या तसें लावतां येत नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें ‘छावा’ हा संभाजी महाराजांवरचा हिंदी चित्रपट निघाला. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीचा त्याला आधार. तो प्रदर्शित होण्यापूर्वींच त्याच्या झलकेंतलें महाराज लेझीम खेळत असल्याचें दृश्य लोकांना खटकलें, आणि आक्षेपांनंतर दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनीं तें काढून टाकलें. लेझीम हा मर्दानी खेळ आहे, त्यांत काय वावगें, असें म्हणणारेही पुष्कळ होते. मला या वादांत शिरावयाचें नाहीं. पण तीन पक्षांचा विचार येथें व्हावयास हवा: कागदपत्रें, कलावंत आणि प्रेक्षक. सुपरमॅनच्या बाबतींत पहिला पक्षच नाहीं. तेथें प्रेक्षकाचें प्रेम हाच एक पुरावा. इतिहासपुरुषाच्या बाबतींत मात्र आपलें प्रेम कितीही उत्कट असलें तरी त्याला कागदपत्रांपुढें उभें राहावें लागतें. आणि दोन्ही ठिकाणीं प्रेक्षकाला एक पथ्य सारखेंच लागू आहे: मत द्यावयाचें तें चित्रपट पाहून द्यावें. आधीं निकाल व मागाहून साक्ष, अशी रीत पडली तर प्रेक्षकाच्या मताला जी किंमत शंभर वर्षांत आली आहे ती तो स्वतःच घालवून बसेल.

असो. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तीं मुलें पुन्हां जमलीं, तेव्हां मींच होऊन विषय काढला आणि बापाच्या निरोपाची गोष्ट आबांना समजावून सांगितली. आबांनीं सुपरमॅन पाहिलेला नाहीं, व पाहतील असेंही नाहीं. त्या दिवशीं सकाळींच ते वाहून गेलेल्या बांधावर जाऊन आले होते. अडकित्त्यांत धरलेली सुपारी तशीच राहूं देऊन त्यांनीं सारें ऐकून घेतलें. त्या मुलाला वाढविणारे शेतकरी आईबाप कसे होते, एवढेंच त्यांनीं मला विचारलें. गरीब पण चांगले होते, असें मीं सांगितलें. “मंग तो परल्हादच झाला की,” आबा म्हणाले. “बाप राक्षस असला म्हणून काय झालं? बापानं सांगितलं राज्य कर, लेकरानं धरलं नाम. बापाचा निरोप खराब होता म्हणूनच तर लेकराची परीक्षा झाली.”

तिसरा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे निरोप बदलला, पण तो नाही बदलला.” आबांनीं सुपारी कातरली, आणि बोलणें पुन्हां पंचनाम्याकडे वळलें.

मीं जें उत्तर रात्रभर पुस्तकांत शोधीत होतों तें त्या ओसरीवर असें दोन वाक्यांत मिळालें. जुन्या कथेंतला सुपरमॅन चांगला होता तो बापानें सांगितलें म्हणून. हा नवा चांगला आहे तो बापानें उलट सांगितलें असतां. त्या मुलाला जो बदल ब्रीदावरचा घाव वाटला होता, तो वस्तुतः ब्रीदाची कसोटी होती. चित्रपट काढणाऱ्यांना तें साधलें कीं नाहीं, याविषयीं मतें राहतीलच, आणि राहावींत. ज्या वीराविषयीं कोणी भांडत नाहीं तो वीर संपला असें समजावें. क्लीव्हलंडच्या दोन पोरांनीं १९३८ सालीं कागदावर काढलेला तो अतिमानव अजून संपलेला नाहीं. कारण पिकें बुडालेल्या वर्षीं, गोदाकांठच्या मुलखांतल्या एका ओसरीवर तीन मुलें त्याच्या बापाच्या एका वाक्यासाठीं रागावलीं होतीं, आणि एका वृद्धानें त्याला नकळत प्रल्हादाच्या शेजारीं बसविलें.